तळे राखील तो पाणी चाखील

(आपल्या राज्यात गावोगावी मातीचे तलाव आहेत. तलावाची पाळ कशी बनते, ती कशामुळे कमकुवत होते आणि तिची निगा कोणी व कशी राखावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी पूर्वेकडे बोट ठेवा. तेथे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे दिसतील. या भागाला झाडीपट्टी म्हणतात. येथील शेतकरी मुख्यतः धान पिकवतात. धान म्हणजे भाताचे पीक. या पिकाला पाणी फार लागते. पावसाने मध्येच पंधरा दिवस दडी मारली, तर उभे पीक वाळून जाते. म्हणून येथील लोकांनी शेकडो वर्षांपूर्वीच पावसाचे पाणी अडवायला सुरुवात केली. आज या भागात असे सुमारे सात हजार जुने तलाव आहेत. त्यांशिवाय शेताशेतांतून लहान तलावही आहेत. त्यांना ‘बोडी’ म्हणतात.

या जुन्या तलावांना ‘मालगुजारी तलाव’ म्हणतात. मालगुजार हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. माल म्हणजे महसूल आणि गुजार म्हणजे भरणारा. गावाचा महसूल गोळा करून सरकारात भरणारा तो मालगुजार. १९५१ साली मालगुजारी पद्धत संपली आणि हे तलाव सरकारच्या मालकीचे झाले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे म्हणू लागले. त्याचेच थोडक्यात नाव झाले ‘मामा तलाव’! नाव मोठे प्रेमाचे आहे. पण मामाची विचारपूस कोणी करायची, हा प्रश्न तेव्हापासूनच उभा राहिला. तो आपण पुढे पाहू.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे लोक वाकबगार होते. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन कसायला मिळत असे, असे सांगतात. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. आज तेथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी तेथे येतात.

त्या काळी सिमेंट नव्हते, मोठी यंत्रे नव्हती. मग इतके पाणी अडवले कशाने? मातीने! ही गोष्ट थोडी नवलाची वाटते. मातीचे ढेकूळ पाण्यात टाकले तर ते विरघळते. मग मातीची भिंत पाण्यासमोर शंभर-दोनशे वर्षे कशी टिकते?

याचे उत्तर मातीच्या निवडीत आणि कामाच्या पद्धतीत आहे. तलावाच्या मातीच्या भिंतीला पाळ म्हणतात. जाणकार माणसे आधी जागा निवडतात. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा असली, तर थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडते. मग वरची भुसभुशीत माती, गवत आणि मुळे काढून घट्ट जमिनीपर्यंत चर खणतात. या चरात चिकणमाती ठासून भरतात. त्यामुळे पाळीखालून पाणी सहज पळत नाही. पाळीच्या पोटातही चिकणमाती घालतात, कारण तिच्यातून पाणी फार सावकाश झिरपते. पण चिकणमाती वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना मुरमाड माती घालतात. मुरमाने पाळीला वजन येते आणि बळकटीही येते.

ही माती एकदम ओतून चालत नाही. वीतभर जाडीचा थर पसरायचा, त्यावर बेताचे पाणी शिंपडायचे आणि तो दाबून घट्ट करायचा. मग त्यावर दुसरा थर. पूर्वी हे काम माणसांच्या पायांनी, बैलांच्या खुरांनी आणि धुमसाने होत असे. आता त्यासाठी रोलर वापरतात. दोन मातीकणांमधली पोकळी जितकी कमी, तितकी पाळ भक्कम.

पाळीचा आकारही पाहण्यासारखा असतो. ती वर अरुंद आणि खाली खूप रुंद असते. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब अधिक. म्हणून तळाशी पाळ रुंद ठेवावी लागते. चार मीटर उंचीच्या पाळीचा तळ अठरा-वीस मीटर रुंद असू शकतो. पाण्याकडच्या उतारावर दगडांचे अस्तर लावतात, म्हणजे लाटांनी माती खचत नाही. मागच्या उतारावर गवत वाढू देतात. पावसाचे थेंब मातीवर थेट आदळू नयेत आणि गवताच्या बारीक मुळांनी माती धरून ठेवावी, हा त्यामागचा उद्देश.

तलावाचे आणखी दोन भाग महत्त्वाचे आहेत. पहिला भाग म्हणजे मोरी. शेताला पाणी सोडण्यासाठी पाळीच्या खालून काढलेली ही वाट. तिला उघडझाप करण्याची सोय असते. दुसरा भाग म्हणजे सांडवा. तलाव भरला की जादा पाणी बाहेर जाण्यासाठी पाळीच्या एका टोकाला ठेवलेली ही मोकळी वाट. सांडव्याची उंची पाळीच्या माथ्यापेक्षा कमी असते. त्यामुळे पाणी माथ्यापर्यंत चढण्याआधीच सांडव्यावरून निघून जाते.

आता एक साधा हिशेब करू. समजा, एका तलावाचे पाणी १० हेक्टर जागेवर पसरले आहे आणि त्याची सरासरी खोली २ मीटर आहे. म्हणजे तलावात २ लाख घनमीटर पाणी झाले. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. म्हणजे हे पाणी २ लाख टन वजनाचे झाले. दहा टन माल वाहणारे २० हजार ट्रक उभे केले, तर त्यांत जेवढे वजन मावेल तेवढे! गावातला एक मध्यम तलाव एवढे ओझे अडवून धरतो. पाळ शाबूत आहे तोवर हे पाणी म्हणजे गावाची दौलत. पाळ फुटली की तेच पाणी गावावर चालून येते.

पाळ अचानक फुटली, असे लोक म्हणतात. खरे पाहता पाळ क्वचितच अचानक फुटते. ती आधी खुणा देते. त्या खुणा ओळखायच्या कशा? चला, आपण एका तलावाच्या पाळीवरून फेरी मारू. ही फेरी वर्षातून निदान तीनदा मारायची असते. एकदा पावसाळ्यापूर्वी, एकदा तलाव पूर्ण भरल्यावर आणि एकदा पावसाळा संपल्यावर. मोठा पाऊस झाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

प्रथम माथ्यावरून चालू. माथा एका सरळ रेषेत दिसतो का? एखादी जागा खोलगट झाली असेल, तर तेथे पाळ खचली आहे असे समजावे. पूर आला तर पाणी आधी त्याच जागेवरून ओसंडेल. मातीच्या पाळीवरून पाणी वाहणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर भिंत कदाचित टिकेल. मातीच्या पाळीवरून गेले तर ते माती घेऊन जाते. घळ पडते, घळीतून अधिक पाणी येते आणि बघता बघता खिंडार पडते.

माथ्यावर भेगा आहेत का, तेही पाहू. उन्हाळ्यात काळ्या मातीला बारीक भेगा पडतातच. पण पाळीला आडवी, म्हणजे पाण्याकडून मागच्या बाजूकडे जाणारी भेग दिसली, तर ती गंभीर समजावी. त्या भेगेतून पाण्याला वाट मिळू शकते. पाळीच्या लांबीच्या दिशेने रुंद भेग पडली आणि तिची एक कड खाली गेली असेल, तर उतार घसरू लागला आहे असे जाणावे.

आता पाण्याकडचा उतार पाहू. दगड निखळले आहेत का? लाटांनी माती खाऊन कपारी केल्या आहेत का? गुरे पाण्यावर येताना एकाच वाटेने उतरतात. त्या वाटेवर खोल चरी पडतात. यावर उपाय सोपा आहे. गुरांसाठी पाळीपासून दूर एक दगडी उतार करून द्यावा.

पुढे झाडे दिसतात. पाळीवरचे झाड सावली देते, म्हणून ते चांगलेच असे वाटते. पण मोठ्या झाडाची मुळे पाळीच्या पोटात दूरवर जातात. झाड मेले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. पाण्याला अशाच नळ्या हव्या असतात. वादळात झाड उन्मळून पडले, तर मुळांबरोबर पाळीचा लचकाच निघतो. म्हणून रोपे लहान असतानाच उपटावीत. मात्र मोठे जुने झाड आपल्या मनाने तोडू नये. त्याची मुळेही तशीच कुजतील. अशा वेळी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

झाडांबरोबर बिळेही शोधू. उंदीर, घुशी, साळिंदर आणि खेकडे पाळीत बिळे करतात. वाळवीही वारूळ करते. बाहेरून बीळ मुठीएवढे दिसते, पण आत ते कितीतरी लांब असते. नुसते तोंड बुजवून उपयोग नाही. बीळ खणून मोकळे करावे आणि ओलसर चिकणमाती थराथराने ठासून भरावी.

आता सांडव्यापाशी येऊ. येथे पुष्कळदा माणसाचीच चूक दिसते. ‘आणखी थोडे पाणी साठू दे’ असे म्हणून कोणी सांडव्यावर मातीची पोती रचतो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कोणी जाळी किंवा काटेरी फांद्या लावतो. पुरात त्या जाळीला पालापाचोळा अडकतो आणि सांडवा तुंबतो. मग पाणी कोठे जाणार? पाळीच्या माथ्यावरून! पोतेभर माती रचून मिळालेले पाणी फार तर एका शेताला पुरेल. त्यासाठी सारा तलाव पणाला लावायचा का? सांडवा हा तलावाचा दरवाजा आहे. तो पावसाळाभर उघडाच राहिला पाहिजे.

शेवटी पाळीच्या मागच्या बाजूला, अगदी पायथ्याशी उतरू. येथे बहुतेक लोक येत नाहीत, कारण येथे पाहण्यासारखे काही नसते. पण तपासणीची खरी जागा हीच.

पायथ्याशी जमीन ओलसर लागते. कोठे कोठे पाणी झिरपताना दिसते. घाबरायचे कारण नाही. मातीच्या प्रत्येक पाळीतून थोडे पाणी झिरपतेच. प्रश्न एवढाच, की ते पाणी कसे आहे? काचेचा एक पेला घ्या. झिरप्याचे पाणी त्यात धरा आणि थोडा वेळ ठेवा. पाणी निवळ असेल, तर फक्त पाणीच बाहेर येत आहे. पाणी गढूळ असेल आणि पेल्याच्या तळाशी माती बसली, तर पाण्याबरोबर पाळीच्या पोटातली माती बाहेर येत आहे. म्हणजे पाळ आतून पोखरली जात आहे. आत नळीसारखी वाट तयार होते, ती हळूहळू पाण्याच्या बाजूकडे वाढत जाते आणि एके दिवशी तलावाला जाऊन भिडते. मग फार वेळ उरत नाही.

झिरपा निवळ असला, तरी काल एक धार होती आणि आज तीन धारा झाल्या, तर तीही खूणच. पाऊस नसताना आणि तलावाची पातळी तीच असताना झिरपा वाढला, तर लगेच खबर द्यावी. मोरीच्या तोंडाशीही असेच पाहावे. मोरीच्या आतून पाणी आले तर ठीक. पण मोरीच्या बाहेरच्या अंगाने, तिच्या आणि मातीच्या सांध्यातून पाणी येत असेल, तर ती धोक्याची जागा आहे.

या खुणांकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. पुण्याजवळ अंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे होण्याआधीच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते. मोरीच्या वरचा मातीचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा वर ठेवण्याची शिकस्त केली. पण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. ते पाणी खालच्या खडकवासला धरणावर आले आणि तेही फुटले. मुठा नदीला महापूर आला आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत हजारो संसार उघड्यावर पडले.

दुसरी घटना अलीकडची आहे. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात तिवरे गावी मातीचे धरण होते. २ जुलै २०१९ रोजी रात्री ते फुटले. खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. धरणाला गळती आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. म्हणजे खूण दिसली होती, ती ओळखलीही होती. पण पाळ वेळेवर पक्की झाली नाही. यातून आपण काय शिकावे? नुसते पाहणे पुरेसे नाही. पाहिलेले लिहून ठेवावे लागते, योग्य ठिकाणी पोहोचवावे लागते आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. दुरुस्ती होत नाही तोवर पाण्याची पातळी कमी ठेवावी आणि खालच्या वस्तीला सावध ठेवावे.

धरणांच्या सुरक्षिततेसाठी संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. या कायद्याप्रमाणे धरणाची देखभाल करणे आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्याची तपासणी करून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही धरणांना लागू होतो. गावतलावाची पाळ बहुधा एवढी उंच नसते. त्यामुळे लहान तलावाकडे पाहायला मोठे पथक येईलच असे नाही. तेथे गावाचे डोळेच कामी येतात.

आता मामा तलावांच्या प्रश्नाकडे परत वळू. मालगुजारीच्या काळात तलावाची डागडुजी दरवर्षी होत असे. उन्हाळ्यात तलाव आटला की गावकरी गाळ काढत आणि शेतात टाकत. पाळीवर माती चढवत. ज्याच्या शेताला पाणी मिळे, त्याला कामाला हात लावावा लागे. पाणी कोणी, केव्हा आणि किती घ्यायचे, याचे रिवाज ठरलेले असत. सरकारी दप्तरात अशा रिवाजांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या नावाच्या कागदात केली जाई. महाराष्ट्राच्या जमीन महसूल कायद्यात हा शब्द आजही आहे.

म्हणजे पूर्वीचे सगळेच चांगले होते, असे नाही. मालगुजाराच्या हाती फार सत्ता होती आणि गरीब कुळांना वेठीला धरले जाई. ती पद्धत गेली, हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर दरवर्षी पाळीला हात लावण्याचा रिवाजही मागे पडला. तलाव सरकारचे झाले. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे बहुतेक तलाव जिल्हा परिषदांकडे आले. एका कार्यालयाकडे शेकडो तलाव! ते प्रत्येक पाळीवर दर महिन्याला कसे पोहोचणार? इकडे गावकरी म्हणू लागले, ‘तलाव सरकारचा आहे, सरकार पाहील.’ कित्येक तलाव गाळाने भरले. काठावर ‘बेशरम’ नावाची झुडपे माजली. ही वनस्पती कोठेही रुजते आणि कितीही तोडली तरी पुन्हा उगवते, म्हणून तिला हे नाव पडले असावे. ज्या ढिवर बांधवांचे पोट तलावातील माशांवर चालते, त्यांचे मासे कमी झाले.

तलावाची मालकी कागदावर कोणाचीही असो, पाळ फुटली तर पाणी कार्यालयात शिरत नाही. ते खालच्या शेतात आणि घरांत शिरते. ज्याचे नुकसान होणार, त्यानेच आधी पाहायला हवे. हे ओळखून झाडीपट्टीतील काही गावांत ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी पुढाकार घेतला. त्यांनी बेशरम उपटून काढली, माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि ग्रामसभेत तलावाचा विषय काढला. तलावावर ज्यांचे पोट आहे, त्यांची नजर तलावावर असतेच. त्या नजरेला मान आणि अधिकार मिळाला, तर तलाव वाचतो.

गावाने मिळून पुढील कामे केली, तर खर्च फार येत नाही. पाळीवरची रोपे दरवर्षी काढणे, बिळे बुजवणे, माथ्यावरचे खळगे भरणे, सांडवा मोकळा ठेवणे आणि मोरीची झडप चालते की नाही ते पाहणे. गाळ काढणे हेही मोठे काम आहे. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. गाळ शेताला उपयोगी पडतो आणि तलाव खोल होतो. पण येथे एक खबरदारी घ्यावी लागते. पाळीच्या अगदी जवळ खोल खणू नये. खणल्यास पाळीचा पायाच उघडा पडतो आणि पाणी खालून वाट काढते. दुरुस्ती मोठी असेल, तर ती अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावी.

समजा, भर पावसाळ्यात पाळीच्या मागून गढूळ पाण्याची धार येऊ लागली, तर काय करावे? प्रथम खालच्या वस्तीतील माणसांना उंच जागी हलवावे. गुरांची दावी सोडावीत. तलाठी, ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांना कळवावे. मोरी उघडून पाण्याची पातळी कमी करावी. धारेच्या तोंडात चिखल किंवा कापडाचे बोळे कोंबू नयेत. तसे केले तर आतले पाणी दुसरीकडून फुटते. त्याऐवजी जाणती माणसे धारेवर आधी वाळू, तिच्यावर खडी आणि तिच्यावर दगड असा ढीग रचतात. ही एक प्रकारची गाळणीच असते. पाणी तिच्यातून बाहेर येते, पण माती मागेच राहते. हे काम मुलांनी करायचे नाही. मुलांचे काम म्हणजे धोका दिसताच धावत जाऊन मोठ्यांना सांगणे.

तुम्ही कदाचित शहरात राहत असाल. तुमच्याजवळ मामा तलाव नसेल. पण महाराष्ट्रात मातीचे बंधारे आणि पाझर तलाव पुष्कळ ठिकाणी आहेत. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून कितीतरी पाझर तलाव खणले गेले. आपल्या आजोबा-आजींनी डोक्यावरून माती वाहिलेला एखादा तलाव तुमच्याही तालुक्यात असेल. त्याची चौकशी करा. मोठ्या माणसांबरोबर जाऊन एकदा तो पाहून या. एका वहीत तारीख लिहा, पाण्याची पातळी लिहा, झिरपा कोठे आहे आणि निवळ आहे की गढूळ, ते लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा जा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. एका नोंदीवरून फार कळत नाही. दोन नोंदींमधला फरक पुष्कळ काही सांगतो.

मराठीत एक म्हण आहे, ‘तळे राखील तो पाणी चाखील’. ज्याच्याकडे एखादी वस्तू सांभाळायला दिली, तो तिचा थोडा फायदा घेणारच, अशा अर्थाने लोक ती हसत हसत वापरतात. पण म्हणीचा सरळ अर्थही तितकाच खरा आहे. तळे राखले, तरच पाणी चाखायला मिळते.

शब्दार्थ

दडी मारणे – लपून बसणे, न येणे
वाकबगार – तरबेज, कुशल
धुमस – माती ठोकून घट्ट करण्याचे अवजार
सांडवा – जादा पाणी बाहेर जाण्याची वाट
झिरपा – पाझरणारे पाणी
निवळ – स्वच्छ, गाळ नसलेले
शिकस्त करणे – शक्य तेवढे सर्व प्रयत्न करणे
पाठपुरावा – काम होईपर्यंत मागे लागणे
डागडुजी – लहानसहान दुरुस्ती

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘मामा तलाव’ हे नाव कशावरून पडले?
(आ) पाळीच्या पोटात चिकणमाती का घालतात?
(इ) पानशेतचे धरण कोणत्या दिवशी फुटले?

२. कारणे द्या.
(अ) सांडव्यावर जाळी लावू नये.
(आ) पाळीवरचे मोठे झाड आपल्या मनाने तोडू नये.
(इ) गढूळ पाण्याच्या धारेत कापडाचे बोळे कोंबू नयेत.

३. ‘तलाव सरकारचा आहे, सरकार पाहील.’ हे म्हणणे तुम्हांला पटते का? आठ-दहा ओळींत लिहा.

४. मालगुजार, तक्रार, जबाबदारी, खबरदारी, नुकसान हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. उपक्रम : घरातील किंवा शेजारील वडीलधाऱ्यांना १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी विचारा आणि त्या मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.